सोयऱ्यांची अकरा पानं

आमच्या प्राचार्यांनी त्या सूचीचं नाव पहिल्यांदा घेतलं तेव्हा त्यांचा आवाज गाभाऱ्यात शिरल्यासारखा खाली उतरला. ते नाव मी इथं घेणार नाही. उगाच तिचं आणखी कौतुक नको. आपण तिला मोठी सूची म्हणू. जगभरातली संशोधनाची नियतकालिकं तिच्यात नोंदलेली असतात. कोणाच्या लेखाचा हवाला कोणी दिला, कुठे दिला, किती वेळा दिला, हे ती मोजत बसते. आणि जे नियतकालिक तिच्यात नाही त्यात छापून आलेला लेख म्हणजे लग्नाला न बोलावलेल्या पाहुण्यासारखा. जेवून गेला तरी यादीत नाव नाही.

"आपलं षण्मासिक तिच्यात गेलं पाहिजे," प्राचार्य म्हणाले. "या वेळी अर्ज करायचाच. नाकारला तर दोन वर्षं पुन्हा दार उघडत नाही, आणि दोन वर्षं संचालक मंडळ थांबणार नाही. मला स्पष्ट सांगितलंय. सूचीत नाही, तर पुढचा अंक नाही."

"म्हणजे बंद?"

"बंद म्हणू नका हो. स्थगित म्हणा."

"सर, घरातलं माणूस गेलं तर आपण त्याला स्थगित म्हणतो का?"

ते हसले नाहीत. मी हसलो, कारण मी घाबरलो होतो. घाबरलो की मला हसू येतं. माझ्या लग्नातल्या सगळ्या फोटोंत मी खदखदून हसतोय.

आमचं षण्मासिक जळगावच्या आमच्या कॉलेजात, सायकल स्टँडच्या मागच्या एका खोलीतून निघायचं. पूर्वी तिथं खेळाचं सामान असायचं. संपादक मी, म्हणजे भूगोलाचा मास्तर. विषय एकच, खानदेश: इथलं पाणी, इथली माती, कापसावरची कीड, केळीचे घड, बैलबाजार, बोली. लेख मराठीत, सारांश इंग्रजीत. वीस-बावीस वर्षांत एकही अंक चुकला नव्हता. हे श्रेय माझं नाही, अक्कांचं आहे.

अक्का म्हणजे धुळ्याच्या एका कॉलेजातून निवृत्त झालेल्या ग्रंथपाल. आठवड्यातून दोनदा एसटीनं धुळ्याहून जळगावला यायच्या, पायरीवर चपला काढायच्या आणि कामाला बसायच्या. लेख आला की त्याच्यावरचं लेखकाचं नाव झाकून तो दोन परीक्षकांकडे पाठवायचा, परीक्षकांची नावं लेखकाला कळू द्यायची नाहीत, त्यांचे शेरे आले की लेख घ्यायचा, सुधारायला द्यायचा किंवा परत करायचा. ही सगळी गुप्त खलबतं त्यांच्या एका हिरव्या वहीत. ती वही मीही कधी उघडली नव्हती. उघडली असती तर त्यांनी माझा हात मोडला असता.

तर आम्ही अर्ज भरायला बसलो. खरं सांगतो, मजा आली. सूचीच्या अटी वाचताना मला परीक्षेला बसल्यासारखा जोर चढला. संदर्भ रोमन लिपीत हवेत? दिले. सारांशांचं इंग्रजी सुधारा? सुधारलं. संपादक मंडळाचा भौगोलिक विस्तार पुरेसा आहे का, असा एक प्रश्न होता. मी छाती काढून लिहिलं, नवापूरपासून मुक्ताईनगरपर्यंत. नंतर कळलं, त्यांना तालुके नको होते, खंड हवे होते. मग कॅनडात शिकवणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला मंडळावर घेतलं. एक खंड झाला.

आणि मग आला तो रकाना. लेखक, परीक्षक आणि संपादक यांच्यात काही वैयक्तिक नातेसंबंध असतील, तर ते जाहीर करावेत.

मी म्हटलं, "अक्का, इथं ‘नाहीत’ लिहायचं."

अक्कांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पण आहेत."

"कोणाचे?"

"सगळ्यांचे."

बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे दोन अनोळखी माणसं पारोळ्याच्या स्टँडवर शेजारी बसली, की दहा मिनिटांच्या आत सोयरीक निघते. तुमचं गाव कोणतं, तिथले अमुक आबा तुमचे कोण, त्यांची धाकटी कुठं दिली, अरे मग तुम्ही माझ्या साडूच्या मावसभावाचे व्याही! मग एक जण दुसऱ्याला चहा पाजतो. बस चुकते. ही आमची रीत आहे. सोयरीक निघाली नाही तर माणसं अस्वस्थ होतात, समोरचा माणूस पोलिसांपासून लपतोय की काय असं वाटतं.

अक्कांनी तो रकाना याच रीतीनं भरला. पुढचे तीन आठवडे त्या फोनवर होत्या. मागच्या सहा अंकांसाठी आलेला, छापलेला-नाकारलेला प्रत्येक लेख घेतला आणि लेखक परीक्षकाचा कोण, परीक्षक संपादकाचा कोण, हे खणून काढलं. रावेरच्या केळीवाल्या लेखकाची बहीण यावलच्या परीक्षकाच्या चुलत घरात. साक्रीच्या लेखकाचे परीक्षक त्याच्या बायकोचे आतेमामा. सगळं टाइप करून अकरा पानं झाली. शेवटी टीप: ‘तीन लेखांत अद्याप नातं सापडलेलं नाही. शोध चालू आहे.’

मी त्या पानांवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मला वाटलं, हे आपल्या फायलीसाठी आहे. मी पिंप्राळ्याला घरी जेवायला गेलो, तासाभरानं परत आलो, तर अक्का बॅग भरून निघाल्या होत्या.

"पाठवला अर्ज," त्या म्हणाल्या. "आणि ती पानंही जोडली. विचारलं होतं त्यांनी."

अशी चूक जगात दुसरीकडे कुठे कोणी केली असेल असं मला वाटत नाही. लोक नाती लपवतात. आमच्या अक्कांनी ती शोधून काढून, अनुक्रमांक घालून, परदेशात पाठवली.

त्या दुपारी मी त्यांच्या प्रतीतली पानं पुन्हा, शांतपणे वाचली. आणि चौथ्या पानावर माझं हसू थांबलं. तिथं ओळ होती: ‘लेखक: संपादक स्वतः. परीक्षक: लेखकाचे सासरे. शेरा: नाकारावा.’

आता हा लेख कोणता ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी मी बोरी नदीच्या काठच्या विहिरींवर एक लेख लिहिला होता. वरच्या गावांपेक्षा खालच्या गावांतल्या विहिरींना पाणी जास्त आहे आणि त्याचं कारण खडकाच्या रचनेत आहे, असं मी त्यात दणक्यात सिद्ध केलं होतं. स्वतःच्याच नियतकालिकाला दिला म्हणून सगळी प्रक्रिया अक्कांकडे सोपवली. एका दूरच्या विद्यापीठातल्या परीक्षकाचा शेरा आला: ‘उत्कृष्ट. छापावा.’ दुसऱ्या, अनामिक परीक्षकानं ‘मोजणी पुन्हा करावी’ एवढंच लिहून लेख नाकारला. अक्कांनी लेख परत केला. त्यानंतर दोन वर्षं, पारोळ्याला सासरी गेलो की, मी जेवताना त्या अनामिक परीक्षकाचा उद्धार करत असे. "कोण गाढव असेल तो!" मी म्हणायचो. माझे सासरे, ज्यांना सगळं गाव नाना म्हणतं आणि मीही नानाच म्हणतो, भाकरी मोडत मान हलवायचे. "हा, गाढवच व्हई तो," म्हणायचे. आणि मला आणखी भरीत वाढायला सांगायचे.

महिन्याभरानं सूचीचं पत्र आलं. अत्यंत सभ्य इंग्रजी. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. मात्र जाहीर केलेल्या माहितीनुसार जवळजवळ प्रत्येक लेखाचा परीक्षक हा लेखकाचा वा संपादकाचा नातलग दिसतो. चार आठवड्यांत खुलासा करावा.

प्राचार्यांनी ते पत्र मला मोठ्यानं वाचायला लावलं. मी सभ्य इंग्रजीला शोभेल अशा आवाजात वाचलं, त्यानं ते जास्तच भडकले.

"अकरा पानं! कोणी मागितली होती अकरा पानं?"

"त्यांनीच, सर."

"अहो, असं विचारतात ते ‘नाही’ म्हणायला! तुम्ही घरी आलेल्या पाहुण्याला ‘जेवता का’ विचारता तेव्हा काय तो ताट घेऊन बसतो?"

"आमच्याकडे बसतो," अक्का म्हणाल्या.

मग एक सल्लागार आणला गेला. आणला म्हणजे पुण्याहून पडद्यावर आला. गोरापान, मागे पुस्तकांचं कपाट, आवाज रेडिओसारखा. अशी किती नियतकालिकं त्यानं सूचीत बसवली हे त्यानं न विचारता सांगितलं. मग म्हणाला, "सोपं आहे. ती पानं चुकून गेली, तो कच्चा मसुदा होता, असं कळवा. प्रत्येक परीक्षकाकडून एक ओळ सही करून घ्या: लेखकाशी माझे कोणतेही वैयक्तिक नाते नाही. आणि पुढच्या अंकापासून परीक्षक मी देतो. माझ्याकडे यादी तयार आहे. नऊ देशांतले लोक आहेत."

"त्यांना मराठी येतं का?" अक्कांनी विचारलं.

"सारांश इंग्रजीत असतोच ना, मॅडम."

"म्हणजे ते सारांशाचं परीक्षण करणार?"

सल्लागार गोड हसला. तसं हसू मी दातांच्या डॉक्टरकडे पाहिलंय, सुई टोचायच्या आधी.

पडदा काळा झाल्यावर अक्का म्हणाल्या, "पहिली ओळ माझ्याकडून लिहून घ्या. अक्कांचं या षण्मासिकाशी कोणतंही नातं नाही. मग बाकीच्यांची घ्या." आणि त्या धुळ्याच्या बसला गेल्या.

इथं मी माझी शौर्यकथा सांगायला हवी, पण तशी ती घडली नाही. मी सल्लागाराचं ऐकलं. एक ओळ, एक सही, त्यात कोणाचं काय जातं? अंक वाचतो. वीस-बावीस वर्षांचं काम एका खोट्या ओळीवर तरतं, तर तरू द्यावं, असं मी स्वतःला समजावलं आणि ओळी छापून बॅगेत घातल्या. सुरुवात कुठून करायची हेही ठरलं होतं. मला त्या गाढवाला भेटायचंच होतं.

पारोळ्याला पोचलो तेव्हा नाना ओट्यावर बसून कपाशीच्या पानाची मागची बाजू भिंगातून बघत होते. ते हायस्कुलात शेतीचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर बोरीकाठचं स्वतःचं शेत करतात. मी चौथं पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी ते वाचलं. भिंग मिटलं.

"अक्कांनी लिखी टाकं का शेवटी," ते म्हणाले.

"नाना, दोन वर्षं! दोन वर्षं मी तुमच्यासमोर तुम्हालाच गाढव म्हणत होतो!"

"मंग? मी कधी नही म्हणं का? मी बी हा म्हणत ऱ्हायनू."

आतून सासूबाईंच्या हसण्याचा आवाज आला. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. बहुधा माझ्या बायकोलाही. मी विषय बदलून कागद पुढे केला आणि सही मागितली.

नानांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग तो कागद डोळ्यांजवळ धरला, कपाशीच्या पानाकडे बघत होते तसाच.

"लेखकाशी माझे कोणतेही वैयक्तिक नाते नाही," त्यांनी सावकाश, छापील मराठीत म्हटलं. "जवाईबापू, लेखक म्हंजे तुम्हीच ना?"

"हो."

"आनि तुम्ही मना कोनी नही शेतस?"

"कागदावर, नाना. फक्त कागदावर."

सासूबाई दारात आल्या. हाताला पीठ. "नातं नही ते मंग मनी पोरगी धाडी द्या माघारी!"

"अहो, तसं नाही..."

"कागदवर नही, खरीखुरी धाडा. आनि दोन्ही नातवं बी."

मी कागदाची घडी घातली. नाना उठले, म्हणाले, "चला, तुम्हाले काही दखाडस." आणि मला विहिरीवर घेऊन गेले. मोटार चालू होती. पाणी खाली, काळं, हलत होतं.

"आज आमच्याकडे दिवसाची लाइट शे," ते म्हणाले. खानदेशी आणि छापील मराठी यांची सरमिसळ करत त्यांनी पुढं सांगितलं ते असं. शेतीची वीज एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. वरच्या गावांना दिवसाची असते तेव्हा खालच्यांना रात्रीची. मी वरच्या विहिरी एका आठवड्यात मोजल्या होत्या आणि खालच्याही त्याच आठवड्यात. दोन्हीकडे भर दुपारी. वर मोटारी चालू होत्या, पाणी उपसलं जात होतं. खाली मोटारी पहाटेच थांबलेल्या, विहिरी निवांत भरत होत्या. हे दोन आकडे मी शेजारी शेजारी मांडले आणि फरकाचं कारण खडकात शोधलं.

"तो फरक खडकाचा नही, जवाईबापू. लाइटच्या टाइमटेबलचा शे."

मी विहिरीत पाहत राहिलो. खरंच सांगतो, मला तिच्यात उडी मारावीशी वाटली, पण पाणी फार खाली होतं.

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही हाई विहीर मोजत होतात ते मी दखं. मोटार चालू होती. बोलनार होतो, पण तुम्ही म्हणालात, नाना, शास्त्रीय काम चालू आहे, मध्ये बोलू नका."

मी तसं म्हणालो होतो. मला आठवलं.

"मग नंतर घरी का नाही सांगितलंत? नाकारायची काय गरज होती?"

"मना जवाई शे म्हनीसन सोडू का? तसं सोडं असतं ते छापी गयं असतं. लोक दखतीन, म्हनतीन, या मास्तरले लाइट कधी येस तेबी माहीत नही. आनि त्याले पोरगी कोनी दिधी? मी."

परतीच्या बसमध्ये बॅगेतल्या सह्यांच्या ओळी मी एकेक करून फाडल्या. शेजारी बसलेल्या माणसानं विचारलं, काय फाडताय. मी म्हटलं, घटस्फोट. तो सरकून बसला.

एरंडोल येईपर्यंत माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं. त्या दूरच्या परीक्षकाचा माझ्याशी काही संबंध नव्हता. तो स्वतंत्र होता, निष्पक्ष होता, त्याला माझं नावही ठाऊक नव्हतं. आणि त्यानं ‘उत्कृष्ट’ लिहिलं होतं. कारण त्याला बोरीचं काही पडलेलं नव्हतं. ज्याला पडलेलं होतं त्यानं माझी चूक पकडली, आणि तो माझा सासरा होता. यात योगायोग काहीच नव्हता. ती विहीर ज्याला माहीत असेल असा माणूस माझा कोणीतरी लागणारच. इथं बिननात्याचा जाणकार कुठून आणायचा?

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला गेलो आणि अक्कांच्या घरी बसून आम्ही खुलासा लिहिला. अक्कांनी हिरवी वही उघडली. माझ्यासमोर प्रथमच. सहा अंकांत नाकारलेले सगळे लेख काढले, शेऱ्यांसकट, नात्यांसकट. ते वाचताना आम्हालाच नवल वाटलं. व्याह्यांनी व्याह्याचा लेख परत केला होता. एका मामानं भाच्याला लिहिलं होतं, ‘हे कोष्टक लेखकाने घरी बसून भरले आहे, त्या दिवशी बैलबाजार भरला नव्हता.’ नातं जितकं जवळचं तितकी कात्री धारदार. गोड शेरे बहुतेक लांबून आलेले.

मी लिहिलं: ‘आपण म्हणता तसे स्वतंत्र परीक्षक आम्ही प्रत्येक लेखाला एक जोडू. आनंदानं जोडू. पण आमचा जो परीक्षक लेखकाचा नातलग आहे त्याला आम्ही काढणार नाही, आणि नातं नाही असं लिहून देणार नाही. यापुढं नावं झाकण्याचं नाटकही करणार नाही. लेखाखाली परीक्षकाचं नाव, त्याचं लेखकाशी नातं आणि त्याचे आक्षेप छापू. वाचकानं ठरवावं. ती अकरा पानं चुकून आलेली नाहीत. ती आम्ही पूर्ण शुद्धीत पाठवली आहेत.’

शेवटचं वाक्य खोटं होतं, निदान माझ्यापुरतं. अक्कांनी ते राहू दिलं.

प्राचार्यांना ते मी उभं राहून, हातवारे करून वाचून दाखवलं. ते डोकं धरून बसले. "यानं आपण बुडणार."

"सर, सह्या घेऊन तरलो असतो, तर नाना मला घरात घेणार नव्हते. त्यापेक्षा हे बरं."

नकार आला. सात-आठ महिन्यांनी, तितक्याच सभ्य इंग्रजीत. आपला प्रयोग लक्षवेधी आहे. परंतु परीक्षकांच्या स्वातंत्र्याबाबतचा आमचा निकष आपण पूर्ण करत नाही. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करता येईल.

संचालक मंडळाच्या बैठकीला मला बोलावलं. लांब टेबल, नऊ खुर्च्या, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली आणि काजूची बशी. विषय पत्रिकेवर चौथा: षण्मासिक स्थगित करणे. अध्यक्षांनी ठराव वाचला. मी उभा राहिलो.

"मतदानापूर्वी एक विनंती आहे," मी म्हणालो. "ज्या सूचीसाठी हा ठराव आहे तिचा नियम असा, की निर्णय घेणाऱ्यांनी आपसातली नाती आधी जाहीर करावीत. सुरुवात माझ्यापासून. प्राचार्य माझे चुलत साडू लागतात."

प्राचार्यांनी काजूच्या बशीकडे असं पाहिलं जणू ती त्यांना आत ओढून घेईल. मग कोपऱ्यातले एक टोपीवाले आबा खुदकन हसले. "मी अध्यक्षांचा व्याही," ते म्हणाले. "पुढचा बोला." पुढच्यानं नाइलाजानं सांगितलं, ते आबांचे भाचे. त्यांच्या शेजारी त्यांचे मेहुणे. नऊ जणांत एकही सुटा माणूस निघाला नाही. शेवटी सगळे अध्यक्षांकडे बघायला लागले. अध्यक्ष चतुर माणूस. त्यांनी दोन्ही हात पसरले.

"मी बठ्ठासना काही ना काही शे," ते म्हणाले, म्हणजे सगळ्यांचाच कोणी ना कोणी, आणि सगळं टेबल हसलं.

मीही हसलो. मला वाटलं, जिंकलो.

"छान झालं, सर," अध्यक्ष म्हणाले. "आता ठराव घेऊ."

आबा सोडून सगळ्यांनी हात वर केले. आबांनी दोन्ही हात काजूत ठेवले. अध्यक्षांनी नंतर मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला. "राग मानू नका. बंद करा असं आम्ही म्हणत नाही. कॉलेजचं नाव काढा, खोली मोकळी करा. पुढं तुम्ही आणि तुमचे सोयरे."

त्यांना वाटलं, त्यांनी आम्हाला हाकललं. मला तर ते आमच्या नव्या संपादकीय धोरणाचं अगदी नेमकं वर्णन वाटलं.

षण्मासिक धुळ्याला, अक्कांच्या पुढच्या खोलीत गेलं. नोंदणी बदलून घ्यायला तीन महिने लागले. तेवढ्यात बातमी पसरली, की इथं लेख छापून आता पदोन्नतीचे गुण मिळणार नाहीत. हातात सात लेख होते, त्यांतले चार लेखकांनी नम्रपणे परत मागितले. त्यातला एक माझ्याच साडूच्या मुलाचा. मी त्याला दोष देत नाही. त्याला घर चालवायचंय. पण तीन लेखांत अंक कसा निघणार, या विचारानं मी पहिल्यांदा खरोखर घाबरलो. हसूही आलं नाही.

त्या तिनांतला एक लेख पिंपळनेरच्या बाजूच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापिकेचा होता. डोंगरपट्ट्यात नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बियाणं लग्नांबरोबर कसं फिरतं, आई मुलीला सासरी जाताना कोणतं वाण देते आणि पाच-सहा पिढ्यांत कोणतं वाण कुठल्या गावात पोचलं, याचा त्यांनी सहा वर्षं माग काढला होता. असे लेख मी आयुष्यात थोडेच पाहिले. आणि त्यांची बढती याच वर्षी होती. मला राहवलं नाही. अक्कांच्या खोलीतून मी त्यांना फोन लावला, आवाज मोठा केला, म्हणजे अक्कांनाही ऐकू येईल.

"ताई, आधी स्पष्ट सांगतो. आम्ही सूचीत नाही. कॉलेजचं नावही आमच्यावर राहिलेलं नाही. या लेखाचे तुम्हाला शून्य गुण मिळतील. हवा तर परत घ्या, मी अजिबात रागावणार नाही."

"माहीत आहे, सर," त्या म्हणाल्या. "गुणांसाठी मी दुसरा एक लेख लिहिलाय, तो दिलाय सूचीतल्या एका ठिकाणी. दोन आठवड्यांत स्वीकारला त्यांनी, एक अक्षर न बदलता. तो कोणी वाचला असेल असं मला वाटत नाही. हा खरा आहे. हा कोणीतरी वाचावा म्हणून तुमच्याकडे पाठवलाय."

मी अक्कांकडे पाहिलं. अक्का खुर्ची ओढून फोनजवळ आल्या.

"बाई, नागली पिकवणारं तुमच्याकडे कोण आहे?"

"सासूबाई. चाळीस वर्षं तेच करतात."

"त्यांना वाचता येतं?"

"येतं. पण त्यांना नका देऊ, अक्का. त्या माझं काहीच मान्य करत नाहीत."

अक्कांनी हिरवी वही उघडली, पेनचं टोपण काढलं.

"पत्ता सांगा त्यांचा," त्या म्हणाल्या.